बाळाच्या खोलीसाठी

खोलीत पाच वस्तू होत्या: नवा पाळणा, बाळाचं कपाट, लंगोट बदलायचं टेबल, दूध पाजायची खुर्ची आणि बाबांचा पलंग. पलंगामुळे दार अर्धंच उघडत होतं. मुलाने गॅलरी मोजली. वॉशिंग मशीन सोडून चार फूट उरत होते. "पलंग विकला तरी बाबा इथे कसे मावतील?" "झोपण्यापुरतंच तर आहे," गरोदर सून म्हणाली, "मोजून बघ." आयुष्यभर शिंपीकाम केलेल्या बाबांनी टेप पुढे केली. "घे माप, गिऱ्हाईक तयार आहे." ते फरशीवर आडवे झाले. पाच फूट सात इंच भरले. "बाबा, पाय पोटाशी घ्या." चार फूट पाच. "अजून थोडे. मान वाकवा." गुडघा कडकन वाजला. "कापड धुतलं की आटतंच," बाबा हसले. सुनेने पायानेच टाचा आत ढकलल्या. मुलाने टेप ताणली. तीन फूट अकरा इंच.