तांब्याचा बंब

कपाटातल्या संगणकात जपलेली आईची मेमरी पाण्याने थंड ठेवणारा जुना रेडिएटर फुटला होता. कंपनीचा माणूस ॲल्युमिनियमचा नवा घेऊन आला होता.

"हा नको," शर्वाणी म्हणाली. "आईच्या मेमरीवर तांब्याचे ठोकळे आहेत. एकाच पाण्यात दोन्ही धातू आले, की ॲल्युमिनियम झिजणार आणि गाळाने नळ्या तुंबणार."

"सगळे हाच बसवतात, ताई. नाहीतर संध्याकाळपर्यंत मेमरी जळेल. आणि गेलेल्या माणसाला काय कळतंय?"

"सगळं ऐकू येतंय हो मला!" कपाटातून आई कडाडली.

शर्वाणीने त्याला दार दाखवलं. माळ्यावरून आईचा न्हाणीतला तांब्याचा बंब उतरवला, पाण्याने भरला आणि रेडिएटरच्या जागी जोडून टाकला.

संध्याकाळी कपाटातून हाक आली, "शरू, पाणी तापलंय गं. आंघोळ करून घे."