शेवटचा वेढा

ताईला सगळं कळलं. ते कळलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण त्याआधीची दहा मिनिटं ती फार खुशीत होती.

संग्रहालयाच्या तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत ती टेबलाभोवती फेऱ्या मारत होती. टेबलावर अमोनाइट. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाएवढा वेटोळा शंख, डायनासोरांच्या काळात समुद्रात मेलेला आणि आता दगड झालेला. असले फुटके दगड जोडणारा इथला कारागीर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो कोपऱ्यातल्या नळावर हात धूत होता. हात स्वच्छ होते. तरी धूत होता.

“इकडे ये रे. हा बाहेरचा, शेवटचा वेढा बघ. आतल्या वेढ्यांवर बारीक रेघा सलग आहेत. इथे मात्र चार रेघा, मग मोकळी जागा, परत चार. असा अमोनाइट जगात कुणी पाहिलेला नाही. उद्या परिषदेत सांगून टाकते, ही नवी जात आहे.”

“म्हातारा झाला असेल,” तो नळाकडे बघत म्हणाला. “हात थरथरला असेल.”

“त्या रेघा हातानं काढलेल्या नसतात, गाढवा.” ताई हसली. “एकोणीस वर्षं दगड मोजतेय मी. आता कुठे काही हाती लागलं. आणि ऐक, जातीला नाव तुझं देतेय. साफ तूच केलास ना?”

त्यानं नळ बंद केला. परत सोडला.

हा वेढा गेल्या मार्चात त्याच्या हातून निसटला होता आणि त्याचा भुगा झाला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यानं प्लास्टरचा नवा वेढा केला, वरून भुगा चोपडला, आणि रेघा ओढायला जे हाताशी होतं ते घेतलं.

“भूक लागली बाई,” म्हणत ताईनं त्याचा डबा पुढ्यात ओढला. आत उकडलेला बटाटा होता. डब्यातलाच काटा घेऊन तिनं तो दाबला आणि काटा ओढला.

बटाट्यावर चार रेघा उमटल्या.

तिनं थोडी मोकळी जागा सोडली. परत ओढला. चार.

“नळ बंद कर,” ती म्हणाली.

त्यानं केला.

“हानीचा फॉर्म आण.”

तो येईपर्यंत तिनं बटाटा संपवला. अन्न टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. मग उद्याच्या भाषणाचे कागद पालथे घालून फॉर्मखाली ठेवायला दिले. “लिही. नीट अक्षरात.”

‘हानीचे कारण’ या रकान्यात त्यानं ‘मी’ असं लिहिलं. ‘विनंती’चा रकाना मात्र मोठा होता. बराच वेळ पेन चावून त्यानं तो भरला:

“सदर प्राण्यास आठ कोटी वर्षांची मुदतवाढ देऊन शेवटचा वेढा स्वतः पूर्ण करण्याची संधी द्यावी, आणि माझ्या बहिणीची नवी जात तोपर्यंत राखून ठेवावी, ही नम्र विनंती.”