मापाची सायकल

“टाचा राहू दे. चवडे टेकले तरी झालं,” राधाकिशन शेठ म्हणाले.

मंजुळाने चवडे टेकवले. अंबाजोगाईच्या बाजारातल्या त्या दुकानासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, ती कोऱ्या सायकलवर बसली होती. तिचा बाप त्रिंबक पायरीवर उकिडवा बसून सायकलकडे टक लावून पाहत होता.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. जवळच्या सहकारी कारखान्याला गाळायला ऊसच नव्हता, तेव्हा धुराडं थंड. दसरा झाला की गावातल्या नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून कोल्हापूरकडे तोडणीला जाणार होत्या. त्यात मंजुळाचे आईबापही होते. इतकी वर्षं आई-बाप गेले की मंजुळा आजीपाशी राहायची आणि शाळा चालू राहायची. आजी आषाढात वारली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. वयात आलेली पोर एकटी घरात ठेवायची कशी, आणि उसाच्या फडावर न्यायची तरी कशी? नववी अर्ध्यात सुटणार, हे सगळे धरूनच चालले होते.

मंजुळाने मात्र तोड काढली होती. मावशीकडे राहायचं. मावशीचं गाव घाटाखाली, शाळा घाटावर, आणि एसटी बंद पडलेली. पण गिअरची सायकल असली तर घाट चढता येतो, असं वर्गातली एक पोरगी म्हणाली होती. मंजुळाने धीर करून बापाला सांगितलं. बाप म्हणाला, “बघू.” गावात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’च असतं, त्यामुळे तिने आशा सोडली होती. आणि आज सकाळी तोच बाप म्हणाला, “चल अंबाजोगाईला. सायकल घ्यायची हाय.” तिने वेणी दोनदा घातली.

शेठने आधी गुलाबी रंगाची, पुढे टोपली लावलेली सायकल काढली होती. त्रिंबकने ती हातानेच बाजूला सारली.

“ही बायकी नको, शेठ. डोंगरात चालंल अशी गिअरची दावा. पण नवशिक्याला झेपली पाह्यजे.”

मंजुळाचा ऊर अभिमानाने भरून आला. गावातल्या पोरींच्या वाट्याला भावाने मोडून टाकलेली सायकल आली तरी नशीब म्हणायचं. आणि इथे तिचा बाप पोरींची सायकल नको म्हणत होता.

राधाकिशन शेठ बोलायला लागले की समोरचा चहा निवायचा. “एकवीस गिअरच्या नादी लागू नका. नवशिका साखळी पाडतो अन् शिव्या मला देतो. मागं सात गिअर, लई झाले. पैसा घालायचा तर ब्रेकात घाला. चढ न्हाई जमला तर उतरून ढकलता येतं, उताराला तसं करता येतं का? आणि सगळ्यात आधी माप. लोक कपड्यासारखी वाढत्या अंगाची सायकल घेतात अन् दात पाडून घेतात.”

“माप बरोबर पाह्यजे,” त्रिंबक लगेच म्हणाला. “मंजे, हात पुरतात का हँडलला? तंगडं अवघडतंय का? नीट सांग.”

इतकी विचारपूस बापाने तिची कधी केली नव्हती. ताप आला तेव्हाही नाही.

शेठने मागून सीट धरलं आणि गल्लीत चक्कर मारायला लावली. वाळूच्या ढिगाजवळ ती आडवी झाली. गुडघा सोलला, तरी ती हसत उठली. दुसऱ्या चकरेला शेठने सांगितल्याप्रमाणे अंगठ्याने खटका दाबला आणि पायडल एकदम हलकं झालं. तिला घाट दिसला. घाटावरची शाळा दिसली. वर्गातला आपला बाक दिसला. शेठने सीट कधी सोडलं ते तिला कळलंसुद्धा नाही. एवढा आनंद माणसाला होऊ शकतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

“आबा, निळी घेऊ?” परत येऊन तिने धापा टाकत विचारलं.

“घे. तुला आवडली म्हंजे झालं. आजकालच्या लेकरायची आवड एकच असती.”

असल्या सायकलला कॅरिअर येत नाही, पण त्रिंबकने तो बसवायला लावला. माणूस बसेल असा मजबूत हवा म्हणाला. दप्तराला तेवढा कशाला, असं मंजुळाला वाटलं. पण बाप एकदा द्यायला निघाला तर पोरीने कशाला अडवावं? कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा बाजार पालथा घालणारा हा माणूस, आज किमतीवर एक शब्द बोलला नाही.

शेठ कॅरिअरचे नट आवळत होते. मंजुळा हँडल धरून उभी होती.

“आबा, मावशीला आजच फोन करायचा? सोमवारपासून तिथूनच शाळेत जाते मी.”

त्रिंबक खाली वाकला. त्याने कॅरिअर दोन्ही हातांनी हलवून पाहिला. पुन्हा हलवून पाहिला.

शेठने हात पुसले. “पक्का बसला. आता पोरीला रोज सकाळी मोकळ्या रानात न्या. महिन्याभरात घाट चढंल ही.”

त्रिंबकने मंजुळाच्या हातातून हँडल काढून घेतलं.

“हिला न्हाई चालवायची, शेठ,” तो म्हणाला. “लग्नात द्यायची हाय. होणारा जावई हाय नवशिका. उंचीला अगदी हिच्याएवढंच हाय पोरगं, म्हणून मापापुरती हिला आणली.”