खाडीपुलाची जोखीम

दवाखाना खाडीपलीकडे होता आणि पुलाचं फाटक बंद. गाडीत सुभद्राबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून सून रेवती कळा सोसत होती.

"वादळाची जोखीम सरकारची, भरतीची कंपनीची," फाटकातलं यंत्र म्हणालं. "दोन्ही एकदम आल्यास करारात सोय नाही. आज जोखीम प्रवाशांनी घ्यावी."

"घेतली रे बाबा. टोल तरी कुठे तुम्ही भरत होतात?" सुभद्राबाईंनी अंगठा दिला. गाडी चालवणाऱ्या मुलाने दिला, रेवतीनेही दिला.

"गाडीत चौथं हृदय ऐकू येतंय. त्याचा अंगठा?"

"पोटातल्याला कुठला अंगठा? त्याच्या नावाने मी देते."

"दुसऱ्याच्या वतीने चालत नाही."

सुभद्राबाई जपमाळ ओढत यंत्राला विनवत राहिल्या. बऱ्याच वेळाने फाटक आपोआप उघडलं.

"आता तीनच ऐकू येतात," यंत्र म्हणालं. "प्रवास सुखाचा होवो."