एकाच मालकाची गाडी

"सेकंडहँड कशाला? नवीच घेऊ," पंकज म्हणाला, आणि वैजयंती रस्त्यातच थांबली.

सकाळपर्यंत हाच माणूस सांगत होता की शहाण्यानं जुनी गाडी घ्यावी, नवी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरलीच समजा. सोनपेठहून परभणीला येताना एस.टी.त त्यानं दुसरा विषय काढला नव्हता. आता रस्त्याकडेला जुन्या गाड्यांचा बाजार लागला, तिनं एका पांढऱ्या सेडानकडं बोट केलं, तर ह्यानं शब्द फिरवला!

"अवो, नुसतं बघायला काय जातंय?"

"अ‍ॅक्सिडेंटची असती असली गाडी. चल, शोरूम बंद होईल."

"भर दुपारी? काय बी बोलायलाव तुमी," ती म्हणाली आणि सरळ आत शिरली.

गाडीची हौस तिला नव्हतीच. गाडीचे पैसे खरं तर नांदेडच्या दवाखान्यासाठी ठेवलेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. तपासण्या, इंजेक्शनं, एस.टी.चे धक्के, सगळं झालं. शेवटी पंकजच म्हणाला होता, "बास आता, वैजू. आपण दोघं एकमेकांला लय झालो. त्या पैशाची गाडी घेऊ." त्या दिवशी ती पोटभर रडली. पण नवऱ्याचं कौतुकही वाटलं तिला. त्यानं कधी एका शब्दानं दोष दिला नव्हता.

सासू चन्नबसम्मा मात्र बोललीच. "दोघांला एवढी गाडी? मागं कोण बसणार हाय?"

ते वैजयंतीला फार लागलं होतं. म्हणून तिनं ठरवलं होतं, गाडी घ्यायची तर मनात भरेल अशीच. लेकराची आशा सोडून आणायची वस्तू, ती काय कशीबशी निवडायची?

बाजाराचा मालक महारुद्र टॉवेलनं मान पुसत पुढं आला. "या ताई! एकाच मालकाची हाय बघा. घरगुती वापर. कालच आली."

"मालक कुठले?"

"पूर्णेकडचे म्हणं. मी न्हाई पाहिले. एजंटानं आणून लावली."

पंकज फाटकाजवळच उभा होता. तिथूनच म्हणाला, "चौथा गिअर अडकतो तिचा."

"साहेब, तुमाला कसं काय कळलं?" महारुद्र हसला. "हौ, जरा अडकतो. करून देऊ की."

"ह्या गाड्यांचं तसंच असतं," पंकज म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं बघितला आणि कट केला.

"कोण? लिंबाजी?" वैजयंतीनं विचारलं.

"दुसरं कोण."

लिंबाजी म्हणजे ताडकळसचा अडत्या. पंकजचं सोनपेठला भुसारचं दुकान, त्यामुळं दर आठवड्याला ताडकळसच्या बाजाराला जाणं असे. उशीर झाला की मुक्काम लिंबाजीकडंच. दिवसभर त्याचे फोन चालू. "एकदा घेऊन या की त्यांला जेवायला," ती नेहमी म्हणे. "एवढं तुमचं बघतात, अन् मी आवाजसुद्धा ऐकला न्हाई त्यांचा." पंकज हो म्हणे आणि विषय तिथंच राही.

वैजयंती गाडीभोवती फिरली. मागच्या काचेच्या कोपऱ्यात एक पिवळं फुलपाखरू चिकटवलेलं होतं. एक पंख कुणीतरी नखानं खरवडलेला.

"ते काढून देतो ताई."

"नका," ती पटकन म्हणाली. "राहू द्या."

तिनं फुलपाखरावरून बोट फिरवलं. कुणाचं तरी लेकरू इथं टेकून बसत असेल. पण आज तिला वाईट वाटलं नाही. हीच गाडी, तिनं मनात ठरवून टाकलं.

"चालवून बघू?"

"तू बघ. मी थांबतो हितंच."

"वा! गाडी दोघांची अन् बघायचं मी एकटीनं? बसा मुकाट्यानं."

माहेरी, चारठाण्याला, ती भावाच्या जीपवर शिकली होती. हात साफ होता. पंकज शेजारी बसला. मागं महारुद्र बसला. तिनं गाडी चालू केली. समोरचा पडदा उजळला आणि त्यावर पंकजच्या फोनचं नाव आलं.

"अगं बाई! हिनं तर तुमाला ओळखलंच की!"

"फोन आपोआप जुळतो ताई," महारुद्र मागून म्हणाला. "कुणाचा आला तर स्टेअरिंगवरचं ते हिरवं बटण दाबायचं. आवाज सगळ्या गाडीत येतो."

पंकजनं खिशातून फोन ओढून काढला. त्याच्या कपाळावर घाम होता. ए.सी. तर चालू होता.

"बरं न्हाई का वाटत?"

"हौ. उतरू आपण. नवी घेऊ, वैजू. तुला पाहिजे त्या रंगाची घेऊ."

"मला हीच पाहिजे," ती म्हणाली. बोलताना तिला स्वतःचंच नवल वाटलं, इतक्या दिवसांनी ती हट्टाला पेटली होती. "आजवर काय मागितलं मी तुमाला?"

पंकज घाईनं फोनवर बोटं चालवत होता.

तेवढ्यात गाडीभर घंटी वाजली. पडद्यावर अक्षरं आली : लिंबाजी अडत.

"बघा, शंभर वर्षं आयुष्य त्यांला!" वैजयंती हसली. "थांबा, मीच बोलते. गाडीचे पेढे खायला या म्हणते."

"उचलू नको!" पंकज ओरडला आणि त्याचा हात स्टेअरिंगकडं आला. पण तोवर तिनं बटण दाबलं होतं.

"पप्पा," गाडीभर एका लहान मुलीचा आवाज घुमला, "गाडी विकायच्या आधी मागच्या काचंवरचं माझं फुलपाखरू काढून आणा, इसरू नका."