ट्रेमधला जबडा

कॉलेजच्या पुरातत्त्व विभागातली हाडं साफ करून ठेवणं हे माझं काम. उत्खननात सापडलेला बाळाचा जबडा मी पहिल्यांदा ट्रेमध्ये ठेवला, तेव्हा तो पार बोळका होता. माझ्या मुलीला खालचे दोन दात आले, तसे त्यालाही आले. त्यानंतरचे आले, तेव्हाही तसंच.

विभागाच्या सरांना हे सांगितलं, तर ते हसले. "मॅडम, जागरणं बाधतायत तुम्हाला!"

आज पाळणाघर बंद, म्हणून मुलगी कडेवर होती. सरांनी वर्गात जबडा उंच धरला.

"दातांवरून मृत्यूच्या वेळचं वय कळतं. ही पहिली दाढ बघा, नुकती डोकावतेय. ती पुरती वर यायच्या आत बाळ गेलं. परीक्षेला हमखास!"

पोरं भराभर लिहून घेऊ लागली.

मुलगी सकाळपासून किरकिरत होती. मी हळूच तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं.

दाढेचं टोक बोटाला टोचलं.