हजार वर्षांची सही

दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रकेंद्रातली मुदत भरली की जनार्दन तांडेलला गावी, खाडीतली कालवं विकून जगणाऱ्या आईजवळ बदली मिळणार होती. काम एवढंच, हवेतला कार्बन गार पाण्यात मुरवून समुद्रतळाशी धाडायचा आणि तो हजार वर्षं वर येणार नाही अशी सही करायची. श्रेय कुणी लाटू नये म्हणून केंद्र त्या पाण्यात आपलं खुणेचं रसायनही मिसळी.

आईचा फोन आला. "जनू, कालवं बोटानं चुरगळतात रे. कवचच धरत नाही."

"मग कोयतीनं फोडायचे कष्ट वाचले तुझे."

"हस मेल्या. कॉलेजच्या मुलींनी खाडी तपासली. कार्बननं पाणी आंबलंय म्हणाल्या, आणि त्यात खूण तुमचीच."

हे कळवलं तर केंद्र बंद पडणार, बदलीही जाणार. जनार्दनने पुन्हा सही केली.

त्याला बदली मिळाली. कालवं संपल्याने आई तोवर परगावी धुणीभांडी करायला गेली होती.